दात कोणाकडचे

मागच्या महिन्यात बुलढाण्याच्या एका दातांच्या दवाखान्यात मी एका शब्दात माझ्या मेलेल्या आईवर खोटा आळ घेतला, आणि वर डॉक्टरीणबाईंना नमस्कार करून बाहेर आलो. झालं ते असं. नात आरू सुटीत आमच्याकडे आली होती. सात वर्षांची. दुधाचे दात पडून तिचे पुढचे दोन पक्के दात आले, ते हळकुंडासारखे पिवळे आणि बोट फिरवलं तर खरखरीत. आम्ही नवरा-बायको तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी आरूचे दात पाहिले आणि विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला?" मी मोठ्या हौसेनं तोंड उघडून दाखवलं. माझ्या तोंडात आता निम्म्याहून जास्त माल बाहेरून आणून बसवलेला आहे, पण उरलेल्यांवरून त्यांना जे कळायचं ते कळलं. आरूच्या बापाच्या दातांवर टोप्या आहेत, तेही सांगितलं. "आणि तुम्हाला कुणाकडून आलं? आईकडून की वडिलांकडून?" मी म्हणालो, "आईकडून." त्यांनी लिहून घेतलं. बायको आरूला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात मला त्या पाहण्याचे सगळे अर्थ पाठ झालेत. हा नवा होता.

खरं काय ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे, आणि ते कळलं तेव्हा मी त्याच खोलीत उभा होतो. पण लहानपणी एखादी गोष्ट पुरेशा वेळा ओरडून सांगितली की ती जिभेला चिकटते, आणि पुढं डोकं कितीही शहाणं झालं तरी जीभ आपली जुनाच पाढा म्हणत राहते. आमच्या घरात तर सगळंच ओरडून सांगत. त्याला कारण होतं.

धाड गावात आमचं घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी आणि मागं आम्ही. सकाळी लाईन, म्हणजे वीज, आली की बाबा खटका वर करत, पट्टा फटफट करू लागे, मग दगड घरघरत, आणि त्या आवाजाखाली आमचा संसार सुरू होई. स्वयंपाकघर आणि गिरणी यांच्यात एक भिंत होती, तिच्यात वाट ठेवलेली, दार कधी बसवलंच नाही. पीठ सगळीकडे. भाकरीवर, अंथरुणावर, बाबांच्या भुवयांवर, माझ्या पुस्तकांत. मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे, मग भांडण काय हळू होणार? आजही मी फोनवर बोलतो तेव्हा समोरचा फोन कानापासून लांब धरतो, असं मुलगा सांगतो. अडचण एवढीच होती की लाईन कधी जाईल याचा नेम नसे. पट्टा थांबे, दगड थांबे, आणि मायचं किंवा बाबांचं अर्धं वाक्य, तेवढ्याच आवाजात, डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या रांगेच्या कानात पडे. लोक आमच्या गिरणीवर पीठ दळायला येत आणि बातम्या घेऊन जात.

त्या भांडणांतली निम्मी दातांवरून होत. माय खारपाणपट्ट्यातली, जळगाव जामोदच्या खालच्या एका गावची. तिकडच्या विहिरींचं पाणी खारट. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, वाळक्या मक्याच्या कणसाला असतात तसे. मी आणि माझी मोठी बहीण मंगला, आमचे दात पिवळे. पट्टे नाहीत, नुसते पिवळेजर्द आणि आखूड, कुणी घासून अर्धे केल्यासारखे. थंड पाणी लागलं की मस्तकात कळ जायची. बोरं, चिंचा, बर्फाचा गोळा, सगळं आम्ही लांबून पाहायचं. एकदा फुटाणा खाताना माझ्या दाढेचा टवकाच उडाला आणि मी तो फुटाण्याचा तुकडा समजून गिळला. गोड तर विचारू नका. मला कधी गुळाचा खडाही धार्जिणा झाला नाही, तासाभरात दाढ ठणकायला लागे. शाळेत मला हळद्या म्हणत. गुरुजींनी पहिल्याच दिवशी माझं तोंड पाहून कानाखाली लावली होती, "तंबाखू खातो का बे?" म्हणून. मी नाही म्हणालो तर खोटं बोलतो म्हणून दुसरी. घरी बाबा आम्हाला उंबऱ्यावर बसवून राखुंडीनं दात घासायला लावत, रक्त येईस्तोवर, जणू भांड्याचा कळकटपणाच आहे आणि जोर कमी पडतोय.

बाबांच्या तोंडात मात्र पांढरीशुभ्र बत्तिशी. कवळी होती. तरुणपणी बैलानं शिंग मारलं आणि सगळे दात गेले, असं ते सांगत. फार रंगवून सांगत. त्या बैलाचा रंग दर वेळी बदले. एकदा पांढरा, एकदा बांडा, एकदा चक्क विकत आणलेला गोऱ्हा. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही, बैल बरेच असतील असं वाटलं. आणि आत्याबाई, बाबांची मोठी बहीण, मोताळ्याला दिलेली, तिचे दात काळेकुट्ट. ती रोज दोन वेळा मिसरी लावी, म्हणजे भाजलेली तंबाखू दातांना चोळी. त्या काळी पुष्कळ बायका लावत. पण आत्याबाई झोपेतून उठली की आधी डबी शोधी, मग डोळे उघडी.

तर हिशेब सोपा होता. बाबांचे दात बैलानं नेले, आत्याबाईचे मिसरीनं काळे, आणि घरात वाईट दात घेऊन आलेली एकच. आत्याबाई मायला नावानं हाक मारत नसे. "ए खारपाणी" म्हणे. "खारपाणी, पाणी आण. खारपाणी, दात झाकून हास, लेकरू भेते." बाबा ऐकत आणि पट्ट्याला मेण लावत बसत. मायही काही गरीब नव्हती. ती आत्याबाईच्या ताटात मुद्दाम भाकरीची करपलेली, कडक बाजू वर करून वाढी. आत्याबाई ती वरणात भिजवून भिजवून खाई आणि शिव्या देई. मला तेव्हा प्रश्न पडायला हवा होता की काळे दात असलेल्या बाईला कडक भाकर का चावत नाही. आणि हेही दिसायला हवं होतं की माय आम्हाला ऊस दातांनी सोलून, गंडेऱ्या तोडून देत असे, सुपारी फोडत असे, एकदा सुताराच्या पोराची पकड हरवली तर तिनं तारही वाकवून दिली होती. घरातले सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात मजबूत दात तिचेच होते. पण ज्याच्यावर राग काढायचा ठरलेलं असतं, त्याच्या तोंडात कोण कशाला नीट पाहतो?

आत्याबाईनं मंगलाला पाळण्यातच मागून ठेवलं होतं, तिच्या प्रकाशसाठी. मामाची पोरगी आत्याच्या घरी द्यायची, यात नवल काहीच नव्हतं. प्रकाश बरा होता. सतत पान खाई, तोंड कायम लाल. मंगला सतरा-अठराची झाली. ती खालचा ओठ वरच्या दातांवर ओढून हसायला शिकली होती, आणि प्रकाशदादाचं नाव निघालं की तसंच हसे. त्या वर्षी दिवाळीनंतर आत्याबाई बोलणी पक्की करायला आली, असं आम्हाला वाटलं.

बाजाराचा दिवस होता. गिरणीवर ही रांग. मंगला काट्यावर बायकांचे डबे तोलत होती, मी पिठाच्या तोंडाशी पिशवी धरून उभा. आत स्वयंपाकघरात आत्याबाई आणि माय. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, आणि लाईन गेली.

"...पोरीचं तोंड पाह्य! हे खारपाणाचं रगत मले माह्या घरात नाई पायजे. उद्या नातवाइचे दात असेच निंघतीन. प्रकाशले मी दुसरीकडं पाहून राह्यली!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, पोरगी त अथीच हाय." मंगलानं हातातलं वजन काट्यावर ठेवलं, ते नीट बसलं की नाही पाहिलं, आणि पुढच्या बाईचा डबा घेतला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या वर्गातली दोन पोरं त्या रांगेत होती, मी त्यांच्याकडे पाहत होतो.

दुपारी माय ताट वाढायला आली. भाकर, पातळ बेसन, वर कच्चं तेल. मी पंधरा वर्षांचा होतो आणि माझ्या मते जगातला सगळ्यात मोठा अन्याय माझ्यावर झाला होता. मी ताट ढकललं. बेसन सांडलं. मी म्हणालो, "तू या घरात आलीच काऊन? तुह्यामुळं मले हळद्या म्हणतेत."

माय फडक्यानं बेसन पुसत होती. "जेव," ती म्हणाली. "भाकर थंडी होऊन राह्यली."

हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तिचं नव्हे, माझं.

दोन दिवसांनी आत्याबाईचा गाल सुजला. एका रात्रीत भोपळा. लवंग झाली, मिठाचा शेक झाला. शेक माय देत होती आणि आत्याबाई "तुह्या हातचं नको" म्हणत गाल पुढं करत होती. शेवटी बाबा म्हणाले, बुलढाण्याला दातांचा नवा डॉक्टर आलाय, जाऊ. बाईमाणसासोबत बाईमाणूस हवं म्हणून माय निघाली, आणि माझी दाढही ठणकत होती म्हणून एका फेरीत दोन कामं, मी. यष्टीत आत्याबाई तोंडाला पदर लावून कण्हत होती आणि मधून मधून पदर काढून मायला सांगत होती की गाडी हळू चालतेय.

डॉक्टर तरुण होता, शांत होता, आणि त्याला आमच्या घराची काहीच माहिती नव्हती. हेच भारी पडलं. त्यानं आधी माझं तोंड पाहिलं. मग बाकावर बसलेल्या मायकडे वळला, "तुम्ही आई का? जरा पाहू." माय म्हणाली, "दुखणं या दोघाइचं हाय." "तरी पाहू द्या." तिनं पदराआडून तोंड उघडलं. आत्याबाई सुजल्या गालानंही म्हणाली, "पाहा, पाहा. सगळं तथूनच आलं."

डॉक्टरनं मायच्या दातांवर छोट्या सळईनं टकटक केलं. "माहेर कुठलं?"

"खारपाणातलं."

"गावात सगळ्यांचेच दात असे?"

"तथं जल्मले त्याइचे. बाहेरून सुना येतेत त्याइचे पांढरेच राह्यतेत. मंग त्याइच्या लेकराइचे असे होतेत."

"बरोबर. हे पाण्यानं झालंय. लहानपणी दात बनताना ते पाणी प्यालात, म्हणून. पण हे तुमच्यापाशीच थांबतं, पोटच्या पोरांना जात नाही. मुलगा तर धाडचं पाणी पितो ना? याचं वेगळंच आहे. दात तुमचे दगडासारखे आहेत, बाई." मग त्यानं विचारलं, "हे सुना-लेकरांचं आधी कुणाला सांगितलं नाही?"

माय म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाई."

मग आत्याबाई खुर्चीत बसली. काळ्या थरातून काही दिसेना, तेव्हा डॉक्टरनं ब्रश घेतला. ती मान हलवू लागली, "मिसरी ऱ्हाऊ द्या, मिसरी ऱ्हाऊ द्या," पण गाल असा दुखत होता की त्यावरचा हात काढून डॉक्टरला अडवता येईना. त्यानं घासलं, चूळ भरायला लावली, पुन्हा घासलं. काळं पाणी भांड्यात पडत राहिलं. मग तो थांबला आणि मला म्हणाला, "इकडे ये. हे बघ." मी वाकून पाहिलं. आत्याबाईच्या तोंडात माझे दात होते. तोच हळकुंडी रंग, तसेच आखूड, तसेच झिजलेले, आणि मागची दाढ किडून पार पोखरलेली.

"दातावर जे कडक कवच असतं," डॉक्टर सांगू लागला, "ते तुमच्या घराण्यात नीट बनतच नाही. दात हिरडीच्या आत असतानाच ते पातळ राहतं. म्हणून ठणकतं, म्हणून झिजतं, म्हणून कीड लवकर शिरते. राखुंडीनं घासलं तर आणखीच जातं. हा दोष बियाण्यातला. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. मुलाला आत्यासारखं आहे, म्हणजे वडिलांमधून आलं असणार." तो बाबांकडे वळला. "तुमचे दात कसे होते?"

"मले बैलानं मारलं," बाबा म्हणाले. "शिंग. असं इथं."

आत्याबाईला तोवर सुई टोचली होती. तिचं अर्धं तोंड बधिर आणि लोंबकळतं. पण आपण एकटीच उघडी पडलो हे तिला सहन होईना. उरलेल्या अर्ध्या तोंडानं ती म्हणाली, "कायचा बैल! बैल-गिल काई नाई. याचेई दात हिरड्यापर्यंत झिजले होते. आमच्या बापाचेई तसेच. बापानंच सांगतलं, पोरगी पाह्याच्या आंधी सगळे उपटून कवळी बसव, आन बैलाचं नाव सांग."

"अक्के!" बाबा म्हणाले. त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला, जणू आत्ताच शिंग लागलं. माय कुणाकडेच पाहत नव्हती. तिनं एकच विचारलं, "डॉक्टरसाब, आत्याच्या पोरालेई असंन अन मामाच्या पोरीलेई असंन, त मंग त्याइच्या लेकराले?" डॉक्टर म्हणाला, "दोघांकडून मिळालं तर जास्त वाईट. शक्यतो टाळा."

प्रकाशदादाच्या कायम लाल तोंडाचा मला त्या क्षणी उलगडा झाला. त्याला पानाची सवय आत्याबाईनंच लावली होती.

परत येताना मायनं बुलढाण्याच्या बसस्टँडवर एक अख्खा ऊस घेतला. घरात तिनं कधी स्वतःसाठी काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. ती खिडकीशी बसली, समोरच्या बाकावर बाबा आणि आत्याबाई, आणि धाड येईपर्यंत ती तो ऊस दातांनी सोलत राहिली. कर्र करून साल ओढायची, काडकन कांडं मोडायचं, सावकाश चावायचं, चोथा खिडकीबाहेर थुंकायचा. दर कडकडीला बाबांची मान आत जात होती. मला तिनं एकही गंडेरी दिली नाही.

घरी आल्यावर आत्याबाईनं दुसराच सूर लावला. सूज उतरली तशी ती बाबांना म्हणाली, "झालं गेलं. मंगलीले मीच नेतो. घरातली गोष्ट घरात राहीन." बाबांना पटलं. प्रकाशच्या घरी गेलेली मंगला म्हणजे कवळीचं गुपित कुलपात. त्यांनी पंचांगसुद्धा काढलं. टाळा म्हणून डॉक्टर सांगून चुकला होता, पण तो काय बाहेरचा. मंगलाला कुणी विचारलं नाही. ती ओठ ओढून बसली होती. पण हसत नव्हती.

पुढचा बाजार आला. रांग रस्त्यापर्यंत गेलेली. आत्याबाई मोताळ्याला निघायची म्हणून पिशवी भरून गिरणीत उभी, बाबा खटक्यापाशी. माय आतून आली, पिठाळलेल्या हातांनी, बाबांना बाजूला सारलं आणि खटका खाली ओढला. पट्टा फटफटत थांबला. दगड थांबला. त्या दिवशी लाईन होती. सगळ्यांना दिसलं की गिरणी तिनं बंद केली. ती तेवढ्याच आवाजात बोलली, जेवढ्या आवाजात आमच्या घरात आयुष्यभर बोललं गेलं.

"वन्सबाई, दात माह्या माहेरचे नाईत. तुमच्या बापाचे हायेत. तुमच्या भावालेई बैलानं मारलं नाई. माही मंगली मी तुमच्या घरी देत नाई."

आणि तिनं खटका पुन्हा वर केला.

यानंतर घर गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आत्याबाई पुन्हा पायरी चढली नाही, मिसरी दुप्पट लावू लागली. बाबांनी दीड महिना मायशी शब्द काढला नाही आणि बैलाची गोष्ट कायमची बंद केली. पण तू खरी होतीस असं ते मरेपर्यंत म्हणाले नाहीत. तिनंही त्यांना कडक भाकर वाढायची सोडली नाही. मंगलाला पाहायला येत त्यांच्यापुढं माय स्वतः सांगे, पोरीचे दात असे आहेत, बापाकडचे आहेत, लेकरांना होऊ शकतात, पाहून घ्या. चार ठिकाणचे उठून गेले. पाचवा मास्तर होता, तो म्हणाला, चालेल. तिला दोन मुलं. एकाला आहे, एकाला नाही. माझ्या लग्नाच्या वेळी तर मायनं सासऱ्यांपुढं मला तोंड उघडायला लावलं, बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं. बायको दाराआडून पाहत होती. तिनं तेव्हाच सगळी गोष्ट मायकडून ऐकून घेतली, माझ्याकडून नाही.

त्या बेसनाच्या दुपारचं मी मायला कधी काही म्हणालो नाही. दवाखान्यातून आलो त्या दिवशी म्हणायचं होतं. मग गिरणीच्या दिवशी. मग नोकरी लागली, मग लग्न, मग ती आजारी, मग ती गेली. शेवटपर्यंत तिचे सगळे दात तोंडात होते. आणि मी कुणी विचारताच सांगितलं, आईकडून.

हे लिहिलेलं काल दुपारी मी बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. बेसनाचं आलं तिथंही तिनं मान वर केली नाही. संपलं तेव्हा मी चष्मा काढला आणि ती काहीतरी बरं बोलेल म्हणून थांबलो. तिनं जुडीच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

"लिव्हलं चांगलं," ती म्हणाली. "पण तथच्या कागदावर अजून मायचंच नाव हाय. दवाखाना पाचले उघडते. चप्पल घाला."